आण्णा, त्या पाचव्या घराबद्दल

आण्णा, तुमच्या पुण्यानुमोदनाला लोक तुमच्याबद्दल धडधडीत खोटं बोलले. वंदना झाली, जलदानविधी झाला, आणि मग एकेक जण उठून तुमच्या फोटोशेजारी उभा राहून बोलायला लागला. तुमच्याबरोबर नोकरीत असलेले पवारकाका म्हणाले, "साधा माणूस. भोळा. कुणावरबी पटकन इश्वास टाकायचा." सगळ्यांनी माना हलवल्या. आई माझ्या शेजारी बसली होती. तिनं पदराआडून माझ्याकडे पाहिलं आणि मला तसल्या प्रसंगी हसू फुटलं. मागच्या बायकांना वाटलं मी रडतेय. एकीनं पाठीवरून हातही फिरवला.

भोळे? तुम्ही? गॅसची टाकी आली की स्प्रिंगच्या काट्याला लटकवल्याशिवाय माणसाला दारातून हलू न देणारे तुम्ही?

वजनमापं खात्यात शिपाई होतात. साहेबांच्या मागं पितळी वजनांची पेटी घेऊन जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगावचे बाजार पालथे घातलेत. कुणाच्या पारड्याखाली चुंबक चिकटवलंय, कुणाच्या वजनाला खालून भोक पाडलंय, कुणाच्या मापाला आतून दुसरा तळ आहे, हे साहेबांच्या आधी तुम्हाला कळायचं. निवृत्त झालात, बाजार सुटला, नजर सुटली नाही. दारात कुणीही आलं की तुमचे तीन प्रश्न ठरलेले. कुठनं आला, कुणाकडं आला, परत कधी जाणार. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी तिसऱ्या प्रश्नाला घाबरून अर्धा चहा टाकून उठायच्या.

मी तुमचीच मुलगी. त्या दिवशी मंडपात बसून मीही बघत होते, कोण मनापासून आलंय आणि कोण जेवणाच्या वेळेचा अंदाज घेतंय.

पण मी लिहायला बसले ते एका खोट्यासाठी, आण्णा. पवारकाकांच्या नाही, माझ्या.

मी नारायणगावच्या शाळेतली नोकरी सोडून तीन महिने फिरायला जाणार, असं सांगितलं तेव्हा तुम्ही कांदा निवडत बसला होतात. मान वर केली नाहीत.

"कुठं?"

"व्हिएतनामला."

"कुणासंगं?"

"एकटीच."

"लॉजवर ऱ्हाणार?"

इथे मी अडखळले. मग सांगून टाकलं, की एक वेबसाइट आहे, तिच्यावर लोक आपलं घर परक्या पाहुण्यांसाठी उघडं ठेवतात, आणि मी अशा नऊ घरांमध्ये राहणार आहे. ओळख कुणाचीच नाही. पैसे कुणी घेत नाही.

तुम्ही कांदा खाली ठेवलात. "फुकट?"

"हो."

"त्यो कोण लागतो तुझा फुकट द्यायला? बाजारात फुकट काय मिळालं, की समजायचं दुसऱ्या पारड्यात कायतरी ठिवलंय."

"सगळं जग म्हणजे बाजार नसतो, आण्णा."

"न्हाई का? बरं."

आई मध्ये पडली. तिला तो देश आवडला होता. "आवो, तिकडं बुद्धाची इहारं हायत म्हणं जागोजाग. आपलीच माणसं म्हणायची."

"इहारं हायत म्हणून माणसं चांगली असत्यात, असं कुणी सांगितलं तुला?" तुम्ही म्हणालात. "आपल्या लेण्याद्रीला येणारी सगळी चांगलीच असत्यात का?"

बाकीचे सगळे मला लग्नाचं विचारत होते. मामा म्हणाला, एकोणतिसावं लागलं पोरीला, आता ही कसली थेरं. तुम्ही लग्नाचा विषय एकदाही काढला नाहीत. हे मी तुम्हाला कधी म्हणाले नाही, आज म्हणते. घरात माझ्या जाण्याला सगळ्यात जास्त विरोध तुमचा होता, पण तुमची भीती माझ्यासाठी होती. लोक काय म्हणतील, हे त्या भीतीत कुठेच नव्हतं.

परवानगी तुम्ही दिलीच नाहीत. फक्त तपासणी सुरू केलीत. रोज संध्याकाळी एक घर. त्या माणसाची माहिती, घरात कोण कोण, आधी राहून गेलेल्या पाहुण्यांनी काय लिहिलंय, ते सगळं मी मराठीत वाचून दाखवायचं. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. पाचव्या घराचं वाचून झालं तेव्हा डोळे उघडलेत.

"चौदा जणांनी लिवलंय, अन् एकानंबी उणं काय लिवलं न्हाई?"

"चांगला असेल माणूस."

"आपल्या घराबद्दल चौदा जण चौदा चांगलं लिवतील का? मी हाय की घरात." मग हसलात. "ह्याचा काटा बघायला पायजे."

मी ते घर बदललं नाही. तुमचं ऐकून एक घर बदललं, की मग दुसरं, मग तिसरं, मग शेवटी विमानच रद्द, हे मला दिसत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला समोर बसवलंत. "घरात शिरताना बायकांच्या चपला हायत का बघायच्या. पाणी मागायचं, अन् कोण आणून देतं ते बघायचं. अन् पहिल्या दिशी पिशवी सगळी सोडायची न्हाई. लागंल तेवढंच काढायचं." मग माझ्याकडे न बघता विचारलंत, "आडनाव इचारत्यात का गं तिकडं?"

बघून सांगते, म्हणाले.

पहिलं घर मिनचं. ती शाळेत शिकवते, माझ्याच वयाची, आईबरोबर राहते. नदीकाठचं छोटं घर, दारात केळी. तुमचा फोन ठरल्या वेळी, संध्याकाळी आला. चपला होत्या. पाणी मिनच्या आईनं दिलं होतं, तेही कोमट, कारण तिथे थंड पाणी पाहुण्याला देत नाहीत. सगळं सांगून झाल्यावर मी म्हणाले, "आणि आण्णा, आडनाव नाही विचारलं. वय विचारलं."

"वय? ते कशाला?"

"मला ताई म्हणायचं की धाकटी म्हणायचं, ते ठरवायला. त्यांच्या भाषेत नुसतं तू किंवा तुम्ही नसतं. वय कळल्याशिवाय बोलताच येत नाही."

"अन् वय कळल्यावर?"

"बसवलं."

"कुठं?"

"घरात. चटईवर. मिनच्या आईशेजारी. एकाच पातेल्यातला भात घेतला आम्ही."

तुम्ही इतका वेळ गप्प राहिलात, की फोन तुटला असं वाटून मी हॅलो हॅलो केलं. तुम्ही कुठे गेला होतात ते मला माहीत होतं. लहानपणी तुम्ही एकदाच सांगितलेली गोष्ट. नोकरीला नवीन लागला होतात. आंबेगाव तालुक्यातलं एक गाव, एका मोठ्या दुकानदाराचं घर. साहेब आत माजघरात बसले, आणि वजनांची जड पेटी खांद्यावरून उतरवून तुम्ही आत पाऊल टाकणार तेवढ्यात घरच्या म्हातारीनं दारातच विचारलं, आडनाव काय? तुम्ही सांगितलंत. मग तुम्ही ओट्यावर बसलात. चहा आला तो कोपऱ्यात पालथ्या घातलेल्या कपातून, आणि पिऊन झाल्यावर तुम्हीच तो विसळून पुन्हा पालथा घातलात. आत साहेबांनी वजनं मागवली तेव्हा पेटी आत गेली, तुम्ही नाही.

फोनवर शेवटी तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं. पण पिशवी सोडू नगंस लगीच."

आण्णा, त्या एका फोनसाठी मी व्हिएतनामला गेले होते असं मला कधी कधी वाटतं.

दुसरं, तिसरं, चौथं घर चांगलं गेलं. एका घरी म्हाताऱ्यानं मला जाळं विणायला शिकवलं, एका घरी तीन दिवस नुसता पाऊस आणि पत्ते. मी हळूहळू तुम्हाला चिडवायला लागले होते. "चार झाली, आण्णा. एक तरी काटा खोटा निघाला का?" तुम्ही म्हणायचात, "अजून पाच हायत."

पाचवं घर दक्षिणेकडच्या एका शहरात होतं. दुपारी तीनच्या सुमारास पोचले. माणूस पन्नाशीचा, इंग्रजी चांगलं, हसरा. वेबसाइटवर त्याचा बायको आणि आईबरोबर फोटो होता. दारात बायकांच्या चपलांचे दोन जोड होते. मला हायसं वाटलं. मग मी माझे बूट काढायला वाकले, आणि दिसलं, की त्या चपलांवर धूळ बसलीय. वरून नाही, आतून. जिथे टाच टेकते तिथे.

आई गावाला गेलीय, उद्या येईल, तो म्हणाला. बायको? तीही. पाणी त्यानंच दिलं. मग पासपोर्ट मागितला. तिथे परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे नोंद करावी लागते, मिननंही केली होती, म्हणून मी दिला. मिननं मोबाइलवर फोटो काढून लगेच परत दिला होता. ह्यानं तो टेबलाच्या खणात टाकला. म्हणाला, कचेरी आता बंद झाली, उद्या सकाळी जाऊ. तीन वाजता कुठली कचेरी बंद होते? मग तो उठला आणि पुढचा लोखंडी सरकता दरवाजा ओढून त्याला कुलूप लावलं. चोऱ्या फार होतात, म्हणाला.

मी त्या कुलपाकडे बघत होते, आण्णा, पण त्याच वेळी स्वतःला सांगत होते, की हे सगळं आण्णांनी तुझ्या डोक्यात भरवलंय. तो बिचारा साधा माणूस असेल. मी म्हणाले, पुढच्या बसचं तिकीट काढायचंय, पासपोर्टचा नंबर हवा. तो म्हणाला, तुझा फोन दे, मी काढून देतो. आणि माझ्या शेजारी येऊन बसला. जागा भरपूर होती तरी. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, इतकी दमलीयस, आधी आंघोळ कर.

मी म्हणाले, आधी चहा हवा. तो खूश होऊन आत गेला.

खण उघडा होता. पासपोर्ट घेतला. पिशवी सोडलेलीच नव्हती, ती तशीच पाठीला लावली. दरवाज्याला कुलूप. रस्त्याच्या पलीकडे एक बाई उसाचा रस काढत होती. मी गजांतून हात बाहेर काढून तिला मोठ्यानं हाका मारायला लागले. मराठीत, आण्णा. "ओ मावशी! ओ मावशी, इकडं या!" दुसरं काही सुचलंच नाही. तिनं चरक थांबवला. माझ्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, आणि जी तरातरा चालत आली, ती आत बघून त्याला काहीतरी असं बोलली, की तो हातात कप घेऊन बाहेर आला तो हसतच, जणू गंमत चाललीय. कुलूप काढलं. मी बाहेर पडताना मला म्हणाला, "तुम्ही भारतीय लोक फार संशयी असता."

त्या बाईनं मला तिच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं. रस दिला. ती घाबरली नव्हती, चकितही झाली नव्हती. असलं काही तिनं आधी पाहिलेलं होतं, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. ते मी त्याच दिवशी पाहिलं, आण्णा, आणि तरीही गप्प बसले.

तुमचा फोन आला तेव्हा मी बसस्टँडवर होते. कॅमेरा बंद ठेवला. रेंज नाही म्हणाले.

"पोचलीस?"

"हो. छान घर आहे."

"चपला?"

"आहेत."

"पाणी कुणी दिलं?"

"त्यांच्या आईनं."

तुम्ही म्हणालात, "घरात लई हॉर्न वाजत्यात."

"घर रस्त्यावरच आहे, आण्णा."

"बरं. पिशवी सोडलीस का?"

"नाही अजून."

"नगं सोडूस. तशीच ऱ्हाऊ दे."

त्या रात्रीच्या बसनं मी परत मिनकडे गेले. ती दार उघडून नुसती बाजूला झाली. उरलेल्या चार घरांपैकी दोन मी रद्द केली आणि तेवढे दिवस मिनकडेच काढले. तुम्हाला मात्र नऊ सांगितली. नसलेल्या घरांची वर्णनं करून सांगितली. एका घरात मी मांजरही ठेवलं होतं.

परत आले तेव्हा आळे गावची आत्या, मामा, सगळे जेवायला आले होते. मी फुशारकीत म्हणाले, "नऊ घरं झाली. एकही वाईट माणूस भेटला नाही." सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "बरं झालं."

बस. एवढंच. हरभऱ्याच्या डाळीत खडा निघाला तर दुकानदाराच्या तीन पिढ्या काढणारे त्या दिवशी तुम्ही कुठल्याच घराबद्दल काही विचारलं नाहीत. नंतर पहिल्या घराबद्दल विचारायचात. जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल विचारायचात. पाचव्याबद्दल कधीच नाही. तिथून माझ्या मनात संशय शिरला. ह्यांना कळलंय का? कळलं असेल तर गप्प का? मी तुमच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि तुम्ही पेपरकडे.

दिवाळीनंतर मिन आपल्याकडे आली. आठवतं? तुम्ही तिच्या पासपोर्टची झेरॉक्स काढलीत, पोलीस ठाण्यात जाऊन वर्दी दिलीत, शेजारच्या शेखचाचांना सांगून ठेवलंत की पावणी हाय, लक्ष ठेवा. मला लाज वाटत होती. मिनला गंमत वाटत होती. पण ती दारात आली तेव्हा पाणी आणायला आई उठली, आणि तुम्ही तिला हातानं बसवलंत. स्वतः आत गेलात, तांब्या भांडं घेऊन आलात. मग माझ्याकडून इंग्रजीत विचारून घेतलंत, "तिचं वय किती?" ती म्हणाली एकोणतीस, आणि जन्माचा महिनाही सांगितला. "मंग हिच्याहून चार महिन्यांनी मोठी हाय. ताई म्हण तिला," तुम्ही मला म्हणालात.

तिला लेण्याद्रीला नेलंत. पायऱ्या चढताना दम लागत होता, तरी प्रत्येक टप्प्यावर थांबून तिला सांगत होतात आणि मी भाषांतर करत होते. आता वाटतं, तो दम नव्हता, ती दुखण्याची सुरुवात होती, आणि मी, एवढी तुमची संशयी मुलगी, मला त्याचा संशय आला नाही. जाताना तिची बॅग तुम्ही त्या स्प्रिंगच्या काट्याला लावलीत. विमानवाले काटा मारत्यात, म्हणालात. अर्धा किलो जास्त भरली. तुम्ही तिला शेंगदाण्याचे लाडू बाहेर काढू दिले नाहीत, तिची पुस्तकं काढायला लावलीत.

तिला एसटीत बसवून आल्यावर तुम्ही म्हणालात, "चांगली पोरगी हाय."

मी म्हणाले, "बघा. मग परक्यांवर विश्वास टाकायचा की नाही?"

"हिच्यावर टाकला की. बघून टाकला."

"न बघता कुणी टाकू नये का?"

तुम्ही माझ्याकडे नीट पाहिलंत. तेव्हा सांगायला हवं होतं. तुम्हीही वाट बघत होतात असं मला आता वाटतं. पण मी उठून चहा ठेवायला गेले.

मग पुण्याचा दवाखाना. तिथेही सलाईनची बाटली लावायच्या आधी नर्सला नाव वाचून दाखवायला लावायचात. ती बिचारी हसून वाचायची. एका दुपारी आई खाली जेवायला गेली होती. तुमचा हात हातात घेऊन मी म्हणाले, "आण्णा, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. ते पाचवं घर होतं ना..."

तुम्ही डोळे मिटलेत. "झोप आलीया गं."

आण्णा, तुमची झोप मी एकोणतीस वर्षं ऐकलीय. तुम्ही घोरायचात. त्या दुपारी तुम्ही घोरत नव्हतात. तुम्ही जागे होतात आणि पापण्या हलत होत्या. मी तुम्हाला झोपू दिलं. पाच दिवसांनी तुम्ही गेलात.

पाहुणे पांगल्यावर आई आणि मी लसूण सोलत बसलो होतो, तेव्हा मी तिला सरळ विचारलं. "आई, व्हिएतनामला मी पाचव्या घरी गेले तेव्हा काहीतरी झालं होतं. आण्णांना कळलं होतं का?"

तिचा हात थांबला नाही. "त्या दिशी फोन ठिवला अन् ताट सारलं त्यांनी. म्हणले, पोरगी खोटं बोलली. मी घाबरले. म्हणले, फोन लावा, इचारा. तर म्हणले, नगं. ती घरात न्हाई, इष्टीच्या स्टँडावर हाय. गाड्यांचा आवाज मला कळत न्हाई का? पिशवी पाठीला हाय. म्हंजी भायेर पडलीया. आता इचारलं तर तिला परत खोटं बोलायला लागंल."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिशी तुझा फोन येईस्तवर भाकरी खाल्ली न्हाई माणसानं."

"आणि मी आल्यावर? मी सगळ्यांसमोर बोलले तेव्हा?"

आईनं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "मी म्हणले त्यांना, इचारा की आता तरी. तर म्हणले, तिला जिंकू दे. मी हरलो तर काय बिघडतंय? जन्मभर बरोबर ठरून मला काय मिळालं?"

मी खूप रडले, आण्णा. आणि रडून झाल्यावर मला तुमचा राग आला. अजून आहे. तुम्ही आयुष्यभर बाजारातल्या कुणाचा पाव किलोचा काटा सोडला नाहीत. ओळखीचा असो, नात्यातला असो, पंचनाम्यात नाव घातलंत. आणि त्या माणसाचं नाव विचारलंही नाहीत, कारण ते विचारलं असतं तर मी हरले असते. मीही ते कुठे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुम्ही वाचून घेतलं असतं आणि तुम्ही बरोबर ठरला असतात. आपण दोघांनी एकमेकांना जपता जपता त्याचा काटा पास केला.

मी वेबसाइट उघडली. तो तिथेच होता. तोच फोटो, बायको, आई. चौदाचे एकवीस झाले होते. सगळे चांगले.

मी लिहिलं. चपलांवरची धूळ, खणातला पासपोर्ट, कुलूप, गुडघ्यावरचा हात, सगळं. वेबसाइटवाल्यांनाही वेगळं कळवलं. आठवड्यात त्यांनी त्याचं पान बंद केलं. ते बंद होण्याआधीच मला दोन बायकांची पत्रं आली. एक माझ्या आधी तिथे राहिली होती. दुसरी लिझा, मनिलाची. ती माझ्यानंतर दोन महिन्यांनी गेली होती. मी लिहिलेलं त्या घराच्या पानावर असतं तर ती गेली नसती. मागच्या भिंतीवरून उडी मारून सुटली. पाय मोडला.

मी तिला फोन केला. तिनंच विचारलं, शांतपणे, "तू तेव्हाच का नाही लिहिलंस?"

मी खरं सांगितलं. "माझे वडील जाऊ नको म्हणत होते. लिहिलं असतं तर ते बरोबर ठरले असते."

ती म्हणाली, "मी घरी सांगितलंय, की स्कूटरवरून पडले."

"तुझे वडील आहेत?"

"आहेत."

"मग त्यांना सांग," मी म्हणाले. "ते बहुतेक ओळखून असतील. तरी सांग."

बघते, म्हणाली आणि फोन ठेवला. मला खात्री नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही बघते म्हटलं असतं आणि सांगितलं नसतं.

काल तिचा मेसेज आला. सांगितलं, असं लिहिलंय. वडील खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, तो पाय इकडे कर, बघू दे मला.